माळेतला खोटा मणी

८ जुलै १९५७, सोमवार

आज पुन्हा तेच! माळ हातात घेतली, बोटांनी चालत गेलो. सगळे मणी शिस्तीत. आणि मधेच बोट अडखळलं. एक मणी खोटा. एका अंगाने फुगलेला, भोकही मधोमध नाही. ही माळ तीन दिवस समोरच्या दालनात टांगलेली होती. तीन दिवस येणारे-जाणारे माझी चूक बघून गेले!

गोदूला विचारलं. ती आतल्या खोलीत सुपात मणी घेऊन ओवायला बसली होती. मान वर न करता म्हणाली — "राहू द्या जी. एक वाकडा असला का नजर नाही लागत."

हे तिचं उमरेडचं शास्त्र. तिच्या माहेरी धोतर विणताना काठात एक सूत मुद्दाम चुकवतात. बघणाऱ्याची नजर तिथे अडते, नेसणाऱ्याला लागत नाही म्हणे. कोष्टी आम्हीही आहोत. पण माझ्या बाबांनी कधी सूत चुकवलं नाही, आणि चुकलंच तर त्या संध्याकाळी जेवले नाहीत.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. हे खोटे मणी ती आणते कुठून? माझ्याच टाकाऊ टोपलीतून, दुसरं कुठून! काच माझी, निळा रंग माझा. फिरोजाबादेत तीन वर्षं उस्तादाच्या शिव्या खाऊन मी हात बसवला, आणि बायको माझेच बिघडलेले मणी वेचते, जपून ठेवते, आणि दर माळेत एक घालून गावाला दाखवते. उस्ताद सांगायचे, बिघडलेला मणी त्याच दिवशी आगीत परत गेला पाहिजे. त्याला दुसरा दिवस बघू द्यायचा नाही.

मणी काढायला कात्री घेतली. गोदूने नुसतं पाहिलं. मी कात्री परत ठेवली. का ठेवली कोण जाणे.

१० जुलै

राख ओली होती, लक्षात आलं नाही. ताजा मणी गरम राखेत पुरून सावकाश निवावा लागतो. घाई केली की संपलं. सात मणी वाढले. (इथे 'फुटला' म्हणायचं नाही. बांगडी वाढते तसा मणीही वाढतो.) दिवसभर तोंड कडू.

२१ जुलै, रविवार

आजचं सगळं सावकाश लिहितो.

रामदासपेठेतल्या शोभाताई आल्या होत्या — डॉक्टरीणबाई, माझ्या माळा घेतात, चार लोकांना दाखवतात. सोबत दिल्लीचे एक साहेब. हस्तकलेचं प्रदर्शन भरवणार आहेत डिसेंबरात, त्यासाठी मुलूखभर हिंडताहेत. साहेब जिना चढून आले तेव्हा मी पायाने भाता मारत मणी करायच्या दिव्यावर होतो. कपाळावर काजळी. तसाच उठलो.

समोरची खोली त्यांना आवडली. पांढऱ्या चुन्याच्या भिंती, बाबांच्या मोडलेल्या मागाची आडवी लाकडं भिंतीला ठोकलेली, त्यांवर माळा. सात वर्षांपूर्वी 'जागेश्वर काचमणी दालन' अशी पाटी लावली तेव्हा खालचा नानाजी पानवाला हसला होता — "मन्यायचं बी दालन असते का गा? पाहाले तिकीट लावशीन का?" आज तो साहेबांच्या मोटारीकडे बघत उभा होता. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू!

साहेबांनी एक निळी माळ उतरवली, उजेडात धरली. चालले मण्यामण्यावरून. आणि थांबले. मला माहीत होतं कुठे थांबणार ते. "सब अच्छा है, उस्ताद. यह एक दाना क्यों?"

काय सांगू? उमरेडची नजर?

"चूक झाली," म्हणालो. शोभाताईंनी सावरून घेतलं. मग साहेबांनी सांगितलं — बारा माळा हव्यात. सगळ्या याच निळ्या रंगाच्या. बारावी मोठी, एकशेआठ मण्यांची. ती मधोमध लावतील. नोव्हेंबरअखेर पोचल्या पाहिजेत. आणि एकही मणी खोटा असला तर सगळ्या परत येतील.

निघताना त्यांनी आतल्या खोलीत डोकावलं. दोन दिवे आहेत तिथे. माझा, आणि शेजारी दुसरा, त्याच्यावर फडकं टाकलेलं. "दुसरा कारागीर कोण?" मी म्हटलं, कोणी नाही. गोदू पाण्याचे पेले घेऊन दारात उभी होती. पेले तसेच परत घेऊन गेली.

२२ जुलै

गोदूला बजावलं. या बारा माळांत खोटा मणी चालणार नाही. एकही नाही. "हो" म्हणाली. तिच्या हो-चा काय भरवसा!

२६ ऑगस्ट, सोमवार

मारबत. काल पोळा झाला, आज मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक, सकाळपासून रस्त्यावर रेटारेटी. आमच्या खिडकीतून मिरवणुकीतला थोडाच भाग दिसतो, पण आरोळ्या सगळ्या ऐकू येतात. खोकला घेऊन जा गे मारबत! महागाई घेऊन जा गे मारबत! ज्याला जे नको ते तो तिच्या गळ्यात घालतो, मग तिला गावाबाहेर नेऊन जाळतात.

मीही खिडकीतून ओरडलो — "खोटे मणी घेऊन जा गे मारबत!"

थट्टा केली. सहा माळांचे मणी झालेत, त्यांतल्या पहिल्या चार गोदूने खोट्या मण्याशिवाय ओवल्या आहेत, म्हणून मन हलकं होतं. गोदू माझ्या शेजारीच उभी होती. तिचा चेहरा असा झाला की मीच घाबरलो. "असं नोका म्हनू जी," एवढंच बोलून आत गेली. दुपारपर्यंत बाहेर आली नाही. एका मण्यापायी एवढं!

१४ सप्टेंबर, शनिवार

आज दोन वर्षं झाली. आमची चंद्रकला गेली तेव्हा पंधरा पूर्ण नव्हती. मुदतीचा ताप, एकवीस दिवस. या वहीत तिच्याबद्दल लिहायचं टाळत आलो. आज लिहितो.

पोर डावरी होती. आम्ही मणी करतो तो असा — मातीचा हात दिलेली लोखंडी तार डाव्या हातात, काचेची काडी उजव्यात; दिव्याच्या झोतावर काडी वितळते आणि तार फिरवत तिच्यावर काच गुंडाळत जायची. चंद्री दिव्यावर बसली की सगळं उलटं. तार उजव्यात, काडी डाव्यात. मी म्हणायचो, डाव्या हाताची माळ गळ्यात कोण घालेल गं? लग्नाकार्याला नेतात लोक. ऐकेना. मग मी तिच्या डाव्या मुठीत तार द्यायचो आणि ती मूठच धोतराच्या काठाच्या पट्टीने बांधून टाकायचो, म्हणजे काडी उजव्या हातात घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. तास-तास बसायची तशी. मणी व्हायचे बकरीच्या लेंड्यांसारखे. ते मी तिच्यादेखत आगीत टाकायचो. उस्तादांनी मला शिकवलं तसंच मी शिकवत होतो. रडली नाही कधी. हेकट! माझ्यावर गेलेली.

कधी मी काचवाल्या ताराचंदकडे काड्या आणायला इतवारीच्या बाजारात जायचो, आणि परत येऊन बघतो तो दुसरा दिवा कोमट. विचारलं की गोदू म्हणायची, दूध तापवलं. मण्याच्या दिव्यावर दूध! वेडी बाई म्हणून सोडून द्यायचो.

तिच्या हातचा एक मणी आज घरात नाही. एक तरी ठेवायला हवा होता. कसाही, वाकडा का असेना.

आणि गोदू? दोन वर्षांत तिने पोरीचं नाव काढलेलं नाही. तेराव्यानंतर एकदाही रडताना पाहिलं नाही. आज सकाळी उठली, चूल पेटवली, आणि सूप घेऊन माळ ओवायला बसली, रोजच्यासारखी. आईचं काळीज असं असतं? मला तिचा राग येतो. हे कोणाला सांगण्यासारखं नाही म्हणून इथे लिहून ठेवतो.

२० सप्टेंबर

आठ माळा. खांदा दुखतो.

९ ऑक्टोबर, बुधवार

ताराचंदने हात वर केले. निळ्या काड्या नाहीत. माल आग्र्याकडे कुठेतरी रेल्वेत अडकलाय, जानेवारीशिवाय येत नाही. म्हणतो, "दुसरा निळा घेऊन जाय नं भाऊ, कोन पाहून राहिलं?"

कोण पाहतं! हा काचेचा धंदा करतो की भुशाचा? दुसरा निळा म्हणजे दुसरा निळा. शेजारी ठेवला की आंधळ्यालाही कळेल.

घरी येऊन काड्या मांडल्या. अकरा माळांपुरत्या आहेत. मोठी, एकशेआठ मण्यांची बारावी राहते. आणि मधोमध तीच लावायची आहे.

१३ ऑक्टोबर, रविवार

काच मिळाली! घरातच होती!

गोदू दिवाळीचं सामान आणायला इतवारीत गेली होती. मी जुन्या काड्यांचे तुकडे कुठे सापडतात का म्हणून सगळं धुंडाळत होतो. तांदळाच्या कणगीमागे तिची पितळी डबी सापडली — माहेरून आणलेली, पानाची. मऊ लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. उघडली तर काठोकाठ मणी. सगळे निळे. सगळे खोटे! कोणी फुगलेला, कोणी चपटा, कोणी एका कुशीवर झोपलेला. ही तिची कोठी. इथूनच माझ्या माळांत एकेक येत होता.

आधी लाज वाटली. एवढे बिघडले माझ्या हातून? मग हिशेब सुचला. काच तीच आहे, उस्तादाची निळी. आणि बिघडलेल्या मण्याची जागा आगीतच. मुशीत ओतले, गारा पडल्यासारखा आवाज झाला. भाता मारत बसलो. दुपारपर्यंत पातळ झाली. काड्या ओढल्या — सरळ, स्वच्छ, आणि रंग? असा निळा मी फिरोजाबाद सोडल्यापासून पाहिला नव्हता.

गोदू आली. दारातच थांबली. मुशीकडे पाहिलं, मग पाटावर उघडी पडलेली डबी पाहिली.

"डबीतले?"

"वितळवले. काड्या ओढल्या त्यांच्या. बारावी माळ सुटली बघ!"

"सगळे?"

"सगळे."

ती भिंतीला टेकून खाली बसली. हातातली पिशवी सोडली नाही. म्हणाली — "बरं." मग उठून सामान लावायला लागली. भांडेल असं वाटलं होतं. भांडली नाही, तर मला बरं वाटायला पाहिजे होतं.

२२ ऑक्टोबर

दिवाळी. गोदूने दुसऱ्या दिव्यापाशी एक पणती ठेवली होती.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

अकरा माळा तयार, ओवून, पुसून, कापसात. आजपासून बारावीचे मणी. या काड्या दिव्यावर नरम येतात, हट्ट करत नाहीत. इतक्या वर्षांत असा हात लागला नव्हता. एक मणी केला, पाहिला, दुसरा केला. दोघांत फरक शोधून सापडेना. बाबा असते तर दाखवला असता.

१७ नोव्हेंबर, रविवार

एकशेआठ पूर्ण. सकाळी सुपात घालून गोदूसमोर ठेवले. तिने एक उचलून बघितला.

"हे कोनत्या काड्यायचे?"

"तुझ्या डबीतल्या. एकशेआठच्या एकशेआठ. आता हिच्यात काही वाकडं घालायचं नाही हं! हिला मी अशी पाठवणार आहे की दिल्ली बघत राहील."

तिने माझ्याकडे पाहिलं. असं की लग्न झालं तेव्हाही पाहिलं नसेल. मला वाटलं आता बोलते, आता बोलते. मला त्या नजरेचा अर्थ लागला नाही, अजून लागत नाही.

"नाही घालत," म्हणाली.

मग अंघोळ केली. पेटीतलं हिरवं लुगडं नेसली. पहिल्या मण्याला हळदीकुंकू लावलं आणि ओवायला बसली. मी म्हटलं, माळच आहे, सत्यनारायण नाही! हसली नाही. दिवसभर अन्न घेतलं नाही. एकेक मणी बोटांत फिरवून बघत होती, मग दोऱ्यात. दिवेलागणीला गाठ मारली.

मी बोटांनी चालत गेलो. पहिल्यापासून शेवटपर्यंत. बोट कुठे अडलं नाही. एकही खोटा मणी नाही. शेवटी ऐकलं हिने माझं! जिंकल्यासारखं वाटलं, मग तितकंसं वाटेना.

१९ नोव्हेंबर

पेटी दिल्लीला रवाना. बांधताना बघतो तर बाराव्या माळेशेजारी मूठभर तांदूळ, खण आणि नारळ! म्हटलं, "काय गं, दिल्लीच्या साहेबांची ओटी भरतेस की काय?" नारळ काढून ठेवला. खण आणि तांदूळ राहू दिले, वाटेत मणी हलणार नाहीत.

संध्याकाळी गोदू म्हणाली — "काही दिवस उमरेडले जाऊ द्या मले, नत्थूकडे. घर मोकळं झालं आता." नत्थूजी तिचा धाकटा भाऊ, अजून माग चालवतो. किती दिवस विचारलं, तर गाठोडं बांधायला लागली.

म्हणजे राग आहेच. बाईमाणूस मनात धरून ठेवते.

२८ नोव्हेंबर

भात करपला. माळ ओवायला कोणी नाही. मी ओवली, गाठ सुटली, मणी खोलीभर.

१५ डिसेंबर, रविवार

दिल्लीचं पत्र! शोभाताईंनी स्वतः आणून वाचून दाखवलं. लोकांनी माळांसमोर गर्दी केली. पुढच्या वर्षीही बोलावलं आहे. आणि बारावी माळ प्रदर्शन संपायच्या आत गेली — तिकडच्या एका बाईने मुलीच्या लग्नासाठी घेतली. "लग्नात तीच एक माळ घालणार म्हणे ती मुलगी," शोभाताई म्हणाल्या. "जागेश्वरराव, आता तरी हसा!"

हसलो. नानाजीने फुकट पान दिलं. सात वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं. दालनात एकटा फिरलो. लाकडांवर आता चारच माळा आहेत. गोदूला कार्ड लिहिलं: माळांचं नाव झालं, बारावी लग्नघरी गेली, आता परत ये. उत्तर येईलसं वाटत नाही.

२२ डिसेंबर, रविवार

सकाळी भिवापूरच्या रुख्माबाई आल्या. ओळखलं नाही आधी. गेल्या दसऱ्याला सुनेसाठी माळ नेली होती म्हणे. हातात नव्या मिरचीची पुरचुंडी — "घ्या, आमच्या वावरातली हाय. सांभाळून खाजा, कान लाल होतीन." मग पदराची गाठ सोडली, माळ काढली.

"बाकी काही तक्रार नाही भाऊ. सून उतरवतच नाही गळ्यातून. पन हा एक मनी पाहा. वाकडा हाय, मानेले बोचते तिच्या. तेवढा बदलून द्या. आमचं घर बाजारओळीतच हाय, कोनालेबी रुख्माबाई इचारा. पाहिजे तं आनून द्या मागून, पन आजच दिला तं बरं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंधरा मिनिटांत दोरा सोडला, खोटा मणी काढला, दुसरा सरस मणी घातला, गाठ मारली. माफी मागितली. त्या खूष होऊन गेल्या.

तो मणी टाकाऊ टोपलीत टाकायला आत आलो. खिडकीतून ऊन दिव्यापाशी आलं होतं. सहज उन्हात धरला. काच गुंडाळताना आत बारीक रेघा पडतात, फिरवल्याच्या. केसासारख्या असतात, जाणत्यालाच दिसतात. माझ्या मण्यात त्या उजवीकडे चढतात. प्रत्येकात. माझी सही म्हणा.

या मण्यात डावीकडे चढत होत्या.

मी टोपली पालथी केली. माझे बिघडलेले सगळे मणी एकेक करून उन्हात धरले. उजवीकडे. उजवीकडे. उजवीकडे. मग दुसऱ्या दिव्यावरचं फडकं काढलं. पेटवला. तार उजव्या हातात घेतली, काडी डाव्यात. या वयात डावा हात काय ऐकणार! पाचवा मणी जेमतेम झाला. राखेत घालून वाट पाहत बसलो, दुपार गेली. काढला, पुसला. एका अंगाने फुगलेला, भोक मधोमध नाही. रेघा डावीकडे. दोन्ही मणी तळहातावर शेजारी ठेवले — भाऊबहीण.

दूध तापवत नव्हती गोदू.

मी इतवारीत गेलो की मायलेकी दिवा पेटवायच्या. मी बांधलेली पट्टी आई सोडायची, आणि पोर डाव्या हाताने मणी करायची. माझ्या काड्यांच्या तुकड्यांचे. करायची आणि आईकडे द्यायची, मी आगीत टाकू नये म्हणून. डबी भरेपर्यंत. मी ओरडेन म्हणून मला सांगितलं नाही. मी ओरडलो असतोच.

आणि मी म्हणतो, गोदूने पोरीचं नाव काढलं नाही!

पोरीच्या हातचा एक तरी मणी ठेवायला हवा होता, असं मीच या वहीत लिहिलं आहे. पानं मागे उलटून बघितलं. चौदा सप्टेंबर. त्यानंतर महिन्याभराने ते सगळे मुशीत ओतले, आणि भाता मारला, आणि 'काच मिळाली' असं आनंदाने लिहिलं. गोदूने विचारलं "सगळे?" आणि मी म्हणालो "सगळे".

एवढं करूनही ती भांडली का नाही? माळेत एकेक का घालत होती? आणि बारावीत का घातला नाही? काही कळत नाही. चंद्री, मला काही कळत नाही गं.

२३ डिसेंबर

दालन बंद. मणी खिशात. उद्या इतवारी स्टेशनवरून उमरेडची सकाळची छोटी गाडी.

२४ डिसेंबर, उमरेड

नत्थूजीच्या मागापाशी बसून गोदू सुताच्या कांड्या भरत होती. जवळ गेलो. "भिवापूरच्या माळेतला," एवढंच म्हणालो. मणी तिच्या तळहातावर ठेवला. मला वाटलं रडेल. तिने मणी उजेडात धरला, ओळखला, आणि माझ्यावर चिडली!

"हिले काहून परत आनलं जी? भिवापूरले सुखानं नांदत होती पोरगी! एकेक करून माळेसंग धाडत होतो मी तिले, कोन्या ना कोन्या घरी. दिल्लीची तं तुमी सोता देल्ली, बापानं द्यावी तशी, सगळीच्या सगळी. मी म्हटलं, कारागीर मानूस हाय, रेघा वळखल्याच असतीन. बोलत नाही, पन वळखल्या. मंग हे एक काहून मांगं आनली?"

ओळखल्या नव्हत्या, हे तोंडाशी आलं होतं. गिळलं.

उद्या सकाळच्या गाडीने दोघं भिवापूरला जातो आहोत. मणी जिथे होता तिथे परत ओवायचा आहे. दोरा गोदूने घेतला आहे.